'मेक अप' केलेले आकडे

कोरीपाटी:
मंडळी, आधी फजिती सांगतो, मग प्रश्न.

माझं काम हिशेबाचं. गेल्या आठवड्यात एका परदेशी ग्राहकाला तिमाहीच्या खर्चाचा तक्ता पाठवायचा होता. तीन ठिकाणचे आकडे गोळा केले, ताळा जमवला, बेरजा दोनदा तपासल्या आणि सोबतच्या मेलात ऐटीत लिहिलं, 'आय हॅव मेड अप द फिगर्स फॉर धिस क्वार्टर.' मनात होतं, या तिमाहीचे आकडे मी तयार केलेत. मेक म्हणजे करणे, आणि अप लावलं की जरा नीटनेटकं वाटतं, एवढंच माझं गणित.

अर्ध्या तासात उत्तर आलं. एकच ओळ: 'आय सिन्सिअरली होप यू हॅवन्ट.' मी बुचकळ्यात. चार दिवस तक्त्यासाठी मागे लागला होता आणि आता म्हणतोय, केला नसशील अशी आशा आहे? साहेबांना दाखवलं. त्यांनी मेल वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "अरे, आकडे मनाने रचलेत असं तू त्याला लेखी कळवलंयस."

रात्री शब्दकोश काढला तर 'मेक अप'खाली ही रांग. गोष्ट रचणे, भांडण मिटवणे, भरपाई करणे, मिळून बनणे, मनाशी ठरवणे, औषध बनवून देणे, चेहरा रंगवणे. या सगळ्यांचं एकमेकांशी काही नातं आहे का? की सरळ घोकायचं? आपल्याला तर एकच मेकअप ठाऊक, आरशासमोरचा.

तिरकामठा:
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). ती एक ओळ चौकटीत घालून टेबलासमोर लावा.
बाकी, घोका. दुसरा उपाय नाही. मी 'गेट' या क्रियापदापाशी हात टेकले होते, तेव्हापासून घोकतोय.

खडूफळा:
कोरीपाटी, मनाला लावून घेऊ नका. वर्गात दरवर्षी कुणीतरी ही चूक करतंच. पण घोकायच्या आधी एक करून बघा. नजर क्रियापदावर ठेवू नका, त्याच्या आगेमागे कोण उभं आहे ते बघा.

पुढे स्टोरी, एक्स्क्यूज, नेम असं काही आलं की रचणे. 'शी मेड अप ॲन एक्स्क्यूज', तिने सबब रचली. 'ही इज मेकिंग इट अप', थापा मारतोय. दर वेळी लबाडीच असते असं नाही. मुलाला झोपवताना आई मनाने रचून जी गोष्ट सांगते, तीही मेड अप. फिगर्स आले की मात्र थेट संशय, कारण आकडे मोजायचे असतात, सुचायचे नसतात.

पुढे कर्मच नाही आणि कर्ते दोन, किंवा पाठोपाठ विथ आलं, तर समेट. 'दे हॅव मेड अप', त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालं. 'हॅव यू मेड अप विथ हर?' झाला का अबोला संपून?

कर्त्याच्या जागी भाग आणि कर्माच्या जागी अख्खी वस्तू: 'नायट्रोजन मेक्स अप अबाउट 78 पर्सेंट ऑफ द एअर.' हवेत सुमारे 78 टक्के नायट्रोजन असतो. हा अर्थ हवा असेल तर क्रियापद चालू काळात घालू नका. 'इज मेकिंग अप' लिहिलंत की नायट्रोजन थापा मारतोय असं वाटायला लागतं.

आणि लगेच फॉर आलं की भरपाई. 'वी मस्ट मेक अप फॉर लॉस्ट टाइम', वाया गेलेला वेळ भरून काढायला हवा. दोषाची भरपाई गुणानेही होते: 'व्हॉट ही लॅक्स इन स्पीड, ही मेक्स अप फॉर इन ॲक्युरसी.' वेग नाही, पण काम बिनचूक. हे वाक्य मुलांना फार कठीण जातं, कारण फॉर आणि इन शेजारी शेजारी येतात आणि काहीतरी छापायचं राहिलंय असं वाटतं. काही राहिलेलं नाही. फॉरचं कर्म वाक्याच्या तोंडाशी जाऊन बसलंय, इतकंच.

आडवाटसरू:
मॅडम, 'मेड ऑफ', 'मेड फ्रॉम' आणि 'मेड अप ऑफ' यांत माझा कायम गोंधळ होतो.

खडूफळा:
टेबल लाकडाचं, लाकूड डोळ्यांना दिसतंय: मेड ऑफ वुड. कागदही लाकडापासूनच, पण लाकूड ओळखू येत नाही: मेड फ्रॉम वुड. समितीत सात माणसं, सातही जण सुटे मोजता येतात: मेड अप ऑफ सेव्हन मेंबर्स. समिती 'मेड ऑफ सेव्हन मेंबर्स' म्हणालात तर ती माणसांच्या हाडामांसाची बनवल्यासारखी वाटते.

उपसर्ग:
धागा उशिरा पाहिला. तिरकामठा, घोकण्याआधी माझंही थोडं ऐका.

सगळी गडबड 'अप'ला 'वर' समजण्यात आहे. ईट अप, यूज अप, फिल अप, ड्रिंक अप. यांत वर काय जातं? काहीच नाही. इथे अप म्हणजे पुरतं, शेवटापर्यंत. आपण 'खाऊन टाक', 'संपवून टाक' म्हणतो तेव्हा काही फेकत नसतो, तसंच हे. तेव्हा 'मेक अप'चा गाभा मी असा धरतो: जे उणं आहे ते घालून पुरं करणे.

आता याच डोळ्यांनी अर्थ बघा. शंभराला दहा कमी पडले आणि तुम्ही ते घातलेत, 'मेक अप द डिफरन्स'. हा मला सगळ्यात उघडा अर्थ वाटतो. वेळ कमी पडला, तो भरलात. भाग जमून अख्खं झालं, त्या भागांनी ते मेक अप केलं. दोघांत फट पडली होती, ती बुजली. खरी हकिगत हाताशी नाही, मग जागा मनच्या मालाने भरली. झाली रचलेली गोष्ट! कोरीपाटींच्या ग्राहकाला नेमकी हीच भीती वाटली, की रिकाम्या चौकटी भरून टाकल्यात.

आपल्याला हे नवं नाही खरं तर. हृ हा एकच धातू, पण आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार. उपसर्ग धातूचा अर्थ बळाने ओढून भलतीकडे नेतो असं सांगणारा श्लोक संस्कृत शिकलेल्यांनी पाठ केलेला असतो. फरक एवढाच की संस्कृतातला उपसर्ग धातूला पुढून घट्ट चिकटतो, आणि इंग्रजीतलं हे शेपूट मागे सुटं राहतं, मनात येईल तेव्हा दोन शब्द लांब जाऊन बसतं.

खुद्द इंग्रजांनाही याची जाणीव जुनी आहे. सॅम्युअल जॉन्सनने 1755च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय की क्रियापदाला शेपूट जोडून अर्थ बदलायच्या या खोडीने परभाषकांची सगळ्यात जास्त दमछाक होते. पुढे उदाहरणं दिलीत, त्यांत 'टेक ऑफ' आहे. अर्थ काय दिलाय? नक्कल करणे! आज पहिल्यांदा विमान आठवतं, पण तेव्हा आकाशात साधा बलूनही गेला नव्हता. अशा शेपटीवाल्या क्रियापदांचं 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव तर फारच अलीकडचं. लोगन पिअरसॉल स्मिथ या लेखकाने 1925मध्ये ते वापरलं, आणि ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवल्याचं तिथेच नोंदवलं.

तिरकामठा:
उपसर्ग, छान बांधलंयत, पण थोडं ओढूनताणून. 'मेक अप युवर माइंड'मध्ये काय उणं होतं? मन अर्धं होतं का?

उपसर्ग:
अर्धं नाही, पण दोन्हीकडे वाटलेलं होतं असं म्हणता येईल.

तिरकामठा:
म्हणता काहीही येईल. हेही तुम्ही मेक अपच करताय.

उपसर्ग:
खरंय, ते नीट बसत नाही. मी इतिहास सांगत नव्हतो, खुंटी देत होतो. तिच्यावर टांगलं की निदान पाच अर्थ जमिनीवर पडत नाहीत.

खडूफळा:
खुंटी चालेल, पण तिच्यावर भरवसा ठेवून नवीन वाक्य करायला जाऊ नका, नाहीतर पुन्हा तसाच मेल जाईल. गाभा वाचताना उपयोगी पडतो. लिहिताना मात्र ठरलेल्या जोड्याच लागतात.

'माइंड'बद्दल सांगायचं तर तिथे ज्याचं मन त्याचा सर्वनामी शब्द लागतो, आणि माणसं अनेक असली तर मनंही अनेक. 'दे मेड अप देअर माइंड्स.' आपण सगळ्यांचं मिळून एक मन ठरवतो, इंग्रजीत बहुतेक वेळा ज्याचं त्याचं वेगळं.

ताळेबंद:
मी कोरीपाटींच्या बाजूने दोन शब्द बोलतो, कारण सगळे त्यांनाच हसताहेत आणि ते पूर्ण चूक नाहीत.

ब्रिटिश हिशेबी इंग्रजीत 'अकाउंट्स मेड अप टू 31 डिसेंबर' हा रीतसर प्रयोग आहे. अर्थ, त्या तारखेपर्यंतचे हिशेब पुरे करून मांडलेले. तिथल्या कंपन्यांच्या सरकारी कागदांवरही हे शब्द असतात आणि वाचून कुणाला फसवणुकीची शंका येत नाही. म्हणजे 'हिशेब तयार केले' हा अर्थ या क्रियापदात आहेच. पण तो अकाउंट्सना चिकटलेला आहे, आणि मागून टू घालून तारीख येते. फिगर्सच्या वाट्याला तो आला नाही. एका शब्दाने घात केला तुमचा.

अशीच आणखी एक जोडी सांगतो. 'मेक अप द नंबर्स' म्हणजे संख्या भरायला जाऊन बसणे. बाराजण हवेत, अकराच आहेत, मग कुणाला तरी बोलावतात, तो मेक्स अप द नंबर्स. यात थोडा कमीपणाही आहे, की त्याला त्याच्या गुणांसाठी नाही, खुर्ची रिकामी राहू नये म्हणून बोलावलं. आणि 'मेड-अप नंबर्स' म्हणजे मनचे आकडे. तेच तीन शब्द, फक्त जागा बदलली.

कोरीपाटी:
ताळेबंद, तुमचे उपकार कसे फेडू! हा प्रतिसाद छापून साहेबांच्या टेबलावर ठेवतो. मी अगदीच अडाणी नाही हे तरी कळेल.

पेन्सिल:
माझा छोटा प्रश्न. 'मेक अप इट' का चालत नाही? 'मेक अप अ स्टोरी' चालतं ना?

खडूफळा:
नाम असेल तर दोन्ही चालतं: 'मेक अप अ स्टोरी', 'मेक अ स्टोरी अप'. सर्वनाम आलं की ते मध्येच बसणार, 'मेक इट अप'. कानाला आधार द्यायचा तर असं बघा, अपवर जोर येतो आणि जोराचा शब्द शेवटी ऐकायला बरा वाटतो. इट बिचारं हलकं, ते शेवटी टिकत नाही. नाम लांबलचक असलं तर उलट, अप जवळच ठेवा. 'मेक द स्टोरी दॅट आय टोल्ड यू यस्टरडे अप' वाचेपर्यंत अप येणार आहे हेच माणूस विसरतो.

फॉर असलेल्या प्रयोगात मात्र काही हलत नाही. 'मेक अप फॉर इट', बस्स. 'मेक इट अप फॉर' नाही.

आडवाटसरू:
पण 'आय विल मेक इट अप टू यू' ऐकलंय मी. तिथे तर इट मध्ये आहे.

खडूफळा:
तो वेगळा जीव आहे. तुमचा वाढदिवस मी विसरले, तुमचं मन दुखावलं, तर 'आय विल मेक इट अप टू यू', याची भरपाई करीन. टूच्या पुढे माणूस येतो, फॉरच्या पुढे चूक किंवा नुकसान. आणि खबरदार, त्यातलं इट गाळू नका. 'मेक अप टू समवन' हा थोडा जुना ब्रिटिश प्रयोग, अर्थ लाडीगोडी लावणे, पुढेपुढे करणे. माफीच्या चिठ्ठीत इट लिहायचं राहून गेलं तर 'मी याची भरपाई करीन' ऐवजी 'मी तुझी खुशामत करीन' होऊन बसेल. एका परीने खरंही असेल म्हणा.

नेपथ्य:
आरशासमोरच्या मेकअपबद्दल कुणीच काही बोललं नाही, म्हणून मी. हा अर्थ नाटकाकडून आलाय. नट भूमिकेसाठी स्वतःला मेक अप करायचा, चेहरा, केस, पोशाख सगळं धरून. पुढे शब्द चेहऱ्यापुरता उरला. म्हणून आपला 'रंगभूषा' हा शब्द मला त्याच्या फार जवळचा वाटतो.

नाम आणि क्रियापद कानानेही वेगळे करता येतात. नाम असेल तर जोर मेकवर, क्रियापद असेल तर अपवर. लिहिताना क्रियापद कायम दोन शब्दांचं. नाम ब्रिटिश लोक मधे आडवी रेघ देऊन लिहितात, अमेरिकन जोडून टाकतात.

नामाला चेहऱ्याखेरीज आणखी दोन अर्थ आहेत. एक, जडणघडण: 'जेनेटिक मेकअप', 'द मेकअप ऑफ द टीम'. विज्ञानाच्या लेखात पहिला दिसला की कुणी जनुकांची रंगरंगोटी समजू नये. (मी समजलो होतो. वय तेरा.) दुसरा छपाईतला, पानावर मजकूर आणि चित्रं बसवणे. आपल्याकडे वर्तमानपत्रवाले याला 'पान लावणे' म्हणतात.

पेन्सिल:
आणि 'मेकअप एक्झाम'?

नेपथ्य:
अमेरिकन. चुकलेली परीक्षा नंतर देणे. नटूनथटून जायचं नसतं.

तिरकामठा:
अवांतर: 'पान लावणे'वरून आठवलं. आपण इंग्रजीला नावं ठेवतोय, पण उद्या कुणी परभाषक मराठी शिकायला आला आणि त्याने 'लागणे' विचारलं तर? भूक लागते, ठेच लागते, झोप लागते, निकाल लागतो, फोन लागत नाही, जावं लागतं, रडायला लागतो, आमटी खारट लागते, तो माझा मामा लागतो, वाटेत त्यांचं घर लागतं. गाडी फलाटाला लागते आणि गाडी माणसालाही लागते. दुसरीत माणूस ओकतो. याला उपसर्गरावांनी एकच खुंटी द्यावी, मी घोकणं सोडतो.

उपसर्ग:
चिकटणे, स्पर्श होणे. ठेच, फोन, गाडी, फलाट, सगळे चिकटतात.

तिरकामठा:
आणि मामा?

उपसर्ग:
मामा तर जन्माचा चिकटलेला.

आडवाटसरू:
+1. हरलो.

(धागा भरकटतोय. रच्याकने, म्हणजे बाय द वे, 'लागणे'ला वेगळा धागा काढा कुणीतरी, मी नक्की येईन.)

दूरदेशी:
मूळ विषयात एक छोटी भर. उत्तर इंग्लंडात, विशेषतः लिव्हरपूलकडे, आणि आयर्लंडमध्येही, 'आय ॲम मेड अप' म्हणजे मी भलताच खूश आहे. पहिल्यांदा एका सहकाऱ्याच्या तोंडून ऐकलं. मुलीला हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता आणि हा म्हणतो, 'आय ॲम made अ...' छे, बोटं घसरली, 'आय ॲम मेड अप फॉर हर.' फॉर ऐकून मला वाटलं मुलीची कसलीतरी भरपाई चाललीय. मी सहानुभूतीचा चेहरा केला. तो बघतच राहिला.

खडूफळा:
हे छान सांगितलंत. पण परीक्षेत लिहू नका रे कुणी.

आणि धाग्यात राहून गेलेले दोन वापर उरकून टाकते. औषधवाला चिठ्ठीप्रमाणे औषध बनवून देतो, 'मेक अप अ प्रिस्क्रिप्शन'. पाहुण्यासाठी अंथरूण घालून ठेवतात, 'मेक अप अ बेड'. रोज सकाळी आपलंच अंथरूण नीट करतो ते नुसतं 'मेक द बेड'. जिथे एरवी झोपायची सोय नाही तिथे केली की अप जास्त शोभतं, 'मेड अप अ बेड ऑन द सोफा'.

ताळेबंद:
कोरीपाटी, पण पुढे काय झालं ते सांगा. ग्राहक राहिला की गेला?

कोरीपाटी:
सांगतो. साहेबांनी समोर बसवून दुसरा मेल लिहून घेतला. 'आय हॅव कम्पाइल्ड द फिगर्स फ्रॉम अवर रेकॉर्ड्स. नथिंग वॉज मेड अप. माय अपॉलजीज फॉर द वर्डिंग.' सोबत मूळ पावत्या जोडल्या, न मागता. कम्पाइल हा शब्द आता माझ्या भिंतीवर चिकटवलेला आहे.

काल उत्तर आलं आणि म्हणूनच पुन्हा इथे आलोय. त्याने लिहिलंय, 'थँक यू, ऑल क्लिअर. यू कुडन्ट मेक इट अप.' आता हे काय? 'तुला रचताही येणार नाही', म्हणजे माझ्या कुवतीवर बोट ठेवलंय का? की अजून संशय आहे? साहेब रजेवर आहेत, विचारायचं कुणाला?

खडूफळा:
घाबरू नका. इथला यू म्हणजे तुम्ही नव्हे, कुणीही. प्रसंग इतका अजब की बसून रचायचा म्हटलं तरी कुणाला सुचला नसता, असा अर्थ. ब्रिटिश माणसं हे खूप वापरतात, बहुतेक वेळा मान हलवत. इथे हसून लिहिलंय. हिशेबनीस स्वतःच आकडे रचल्याचं कळवतो, हे त्यालाही कुठल्या गोष्टीत खरं वाटलं नसतं.

दूरदेशी:
अगदी. 'ऑल क्लिअर' आधी लिहिलंय ना, मग निश्चिंत राहा.

तिरकामठा:
थोडक्यात, मेड अपवरून बिनसलं होतं, ते मेड अप झालं.

कोरीपाटी:
हुश्श. सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली आहे.

साहेब रजेवरून आले की परत काय होणार ते मला ठाऊक आहे. जाता जाता दारातून डोकावून म्हणाले होते, "पुढच्या तिमाहीचे आकडे वेळेत मेक अप कर हं." सगळं ऑफिस हसलं. या कंपनीत हा माझा शब्द झालाय आता.